गेम बनवायला किती गणित लागतं?

कांदिवली स्टेशनवर लोकलची वाट बघत फोनवर गेम खेळणारे पुष्कळ दिसतात. त्यातल्या काहींना स्वतःचा गेम बनवावासाही वाटतो, पण "आपलं गणित कच्चं आहे" म्हणून विषय तिथेच संपतो. खरं तर साध्या टूडी गेमपुरतं बरंचसं गणित दहावीच्या भूमितीत येऊन गेलेलं असतं.

समजा, तुमचा खेळाडू (४०, ५०) वर आहे आणि शत्रू (१०, १०) वर. आडवा फरक ३०, उभा ४०. पायथागोरस लावला की अंतर ५०. "अंतर ६० पेक्षा कमी असेल तर हल्ला कर" ही एक अट लिहिली की शत्रू जागा झाला! फक्त एक लक्षात ठेवा: आलेखाच्या कागदावर वाय वर जाताना वाढतो, गेमच्या टूडी स्क्रीनवर बहुतेक वेळा खाली जाताना. नवशिक्यांचं कॅरॅक्टर उडी मारायच्या ऐवजी जमिनीत घुसतं ते यामुळेच.

खरी गंमत वेगात आहे. कॅरॅक्टर दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकवलं, तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर ते ३०० पिक्सेल जातं, १२० फ्रेमवाल्यावर ६००. म्हणजे महागडा फोनवाला दुप्पट पळणार! कांदिवलीहून बोरिवलीला जाताना तुम्ही डोळे कितीही वेळा मिचकावले म्हणून गाडी जोरात धावत नाही. गेममध्येही तसंच हवं. म्हणून वेगाला डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, गुणायचं. अंतर = वेग × वेळ. शाळेतलंच सूत्र.

सरावासाठी गोडो हे फुकट, ओपन सोर्स इंजिन घ्या (इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी टी आहे, सर्च करताना चुकवू नका). त्याची जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथनसारखी आहे. अँड्रॉइडवरही एडिटर चालतो, पण छोट्या स्क्रीनवर बोटं दुखतात. लॅपटॉप मिळाला तर बरं.

थ्रीडीला सदिश आणि मॅट्रिक्स लागतात, ते अकरावी-बारावीचं काम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' अनरिअल इंजिनवर बनलेला थ्रीडी गेम आहे. तिथे लगेच उडी मारू नका. आधी एक चौकोन स्क्रीनवर डावी-उजवीकडे हलवा, मग त्याला तिरका चालवा. दोन बटणं एकदम दाबली की तो सुमारे १.४१ पट वेगाने पळेल. का, ते पायथागोरसला विचारा.