त्र्यंबकेश्वर : तीर्थस्थान आणि पुरातत्त्वाचा दाखला

त्र्यंबकेश्वर : बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक व नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. नाशिकपासून सुमारे २८ किमी.वर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी ते वसले आहे. आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधावयास घेतले. काम १७८६ पर्यंत चालले. गाभाऱ्यात उभे लिंग नाही. शाळुंकेच्या खळग्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे आहेत, त्यांना ब्रह्मा, विष्णू व महेश मानतात.

वास्तू पेशवेकालीन म्हणून क्षेत्रही पेशवेकालीन ठरत नाही. निवृत्तिनाथांनी शके १२१९ मध्ये येथेच समाधी घेतली असे वारकरी परंपरा सांगते. त्याआधीचा भक्कम पुरावा नाशिकच्या वाटेवरील अंजनेरीत आहे. तेथे सापडलेल्या भोगशक्ती राजाच्या ताम्रपटात (कलचुरी संवत ४६१, इ. स. सुमारे ७१०) देवालयाला दिलेल्या गावांची नोंद आहे, शके १०६३ च्या यादवकालीन शिलालेखात चंद्रप्रभाच्या जैन मंदिराला दुकाने दान दिली आहेत. मंदिराच्या खर्चासाठी दुकाने लावून देता येतात, म्हणजे डोंगरपायथ्याशी बाजारपेठ नांदत होती. हे लेख त्र्यंबकच्या लिंगाविषयी बोलत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यांवरून परिसर देवस्थानांचा होता एवढेच सिद्ध होते, आणि तेवढेही थोडे नाही. उलट बाजूने, नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात प्रभास, गोवर्धन, शूर्पारक ही नावे येतात, त्र्यंबक येत नाही. पण तो एका दात्याच्या दानांचा हिशेब आहे, तीर्थांची यादी नव्हे. त्याच्या मौनावर फार भार टाकता येत नाही.

अशा जागी उत्खनन काय ठरवू शकते, याचे उदाहरण रोमचे आहे. तेथे सेंट पीटरच्या चर्चखाली १९४० ते १९४९ या काळात उत्खनन झाले, तेव्हा दुसऱ्या शतकातील स्मारक मिळाले. कबर पीटरचीच, हे त्याने ठरले नाही. त्या काळी भाविक ती जागा त्याची मानत होते, हे मात्र ठरले. आख्यायिकेतील गौतम ऋषींनी त्र्यंबकला गोदावरी नेमकी कुठे अडवली, हे कुदळ असेच सांगू शकणार नाही. गंगाद्वार, कुशावर्त व चक्रतीर्थ या तिन्ही ठिकाणी श्रद्धा नदीचे प्रकटणे पाहते. कोणत्या ठिकाणी माणसे केव्हापासून स्नानाला उतरू लागली, एवढे खालच्या थरांतून कळू शकेल. चालत्या देवस्थानात खोदणे नको, हे म्हणणे बरोबरच आहे. म्हणून सिंहस्थाच्या निमित्ताने घाट व गटारांसाठी जमीन उकरली जाते, तेव्हा निघणाऱ्या घडीव दगडांची व खापरांची जागच्या जागी नोंद ठेवणे अगत्याचे आहे.