वनातील एकांत : भद्रावती ते गोंदेडा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राचे वनवैभव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु साग, मोह आणि बांबूच्या या अरण्याने शासकीय सीमा कधीच मानल्या नाहीत. वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा येथील देवालयसमूह मार्कंडेय ऋषींचे नाव धारण करून उभा आहे. भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध भिक्षूंनी कोरलेली लेणी आहेत. डोंगराच्या पोटात सरळ शिरणारा अंधारा मार्ग आणि त्याच्या अखेरीस बुद्धमूर्ती, अशी त्यांची रचना आहे. त्याच भद्रावतीत श्री केसरिया पार्श्वनाथ भगवंतांचे तीर्थ आहे. तीन परंपरांच्या साधकांना या एकाच प्रदेशाने आसरा दिला. या सर्वांना अरण्यात काय मिळाले असेल, आणि ते आज आपल्या कोणत्या उपयोगाचे, याचा विचार सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी करावा असे वाटते.

भद्रावतीच्या पार्श्वप्रभूंना भाविक 'स्वप्नदेव' म्हणतात. मध्यंतरीच्या काळात हे स्थान विस्मृतीत गेले होते. स्वप्नातील दृष्टांतानंतर अरण्यातील ही मूर्ती पुन्हा जैन समाजाच्या दृष्टीस पडली, अशी परंपरा सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी तीर्थाचा उद्धार झाला. तोपर्यंत प्रभू जणू एकांतातच होते. हा एकांत त्यांच्या चरित्राशी सुसंगत आहे. कारण पार्श्वनाथांच्या कथेत अरण्याला फार मोठे स्थान आहे.

त्या कथेत वनवासी दोन आहेत, हे आपण पुष्कळदा विसरतो. एक स्वतः पार्श्व आणि दुसरा कमठ. कमठही तापस होता. तोही घर सोडून वनात राहिला, त्यानेही देह कष्टविला. परंतु पूर्वभवी क्षमा मागण्यास आलेल्या सख्ख्या भावाच्या, मरुभूतीच्या, मस्तकावर त्याने शिळा घातली. पुढे पंचाग्नी तप करताना त्याच्या धुनीतील लाकडात नाग जळत होता, तरी त्याला त्याचे भान नव्हते. ते राजकुमार पार्श्वांना जाणवले. तात्पर्य असे की, केवळ अरण्यात गेल्याने एकांत साधत नाही. कमठाने आपला क्रोध बरोबर नेला होता. त्याचे वन हे त्याच्या मनातील वैराचेच विस्तारित रूप होते.

या प्रसंगावर संस्कृतात एक अद्भुत काव्य रचले गेले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकात, आदिपुराणकार आचार्य जिनसेन यांनी 'पार्श्वाभ्युदय' हे काव्य लिहिले. कालिदासाच्या 'मेघदूता'तील ओळी घेऊन प्रत्येक श्लोकात एक वा दोन चरण गुंफायचे व उरलेले स्वतः रचायचे, अशी ही समस्यापूर्ती आहे. 'मेघदूता'तील यक्ष रामगिरीवर एकटा आहे, पण तो एकटेपणा विरहाचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे आपल्या विदर्भातील रामटेक, असे प्रतिपादन केले. जिनसेनांनी त्याच ओळी घेऊन त्यांतून ध्यानस्थ पार्श्वांना उभे केले. यक्षाचे मन जिच्यासाठी झुरते ती अलकानगरी येथे ध्यानभंगासाठी दाखविलेले प्रलोभन ठरते. शब्द तेच, मेघही तोच. परंतु एकाचा एकांत कोणाची तरी वाट पाहतो आणि दुसऱ्याचा कोणाचीही नाही. विरहाचा एकटेपणा आणि साधनेचा एकांत यांतील भेद साहित्यात इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखविला गेला असेल.

जिनसेनांचे शिष्य आचार्य गुणभद्र यांनी 'आत्मानुशासन' ग्रंथात एक खंत नोंदविली आहे. भयभीत हरिणे रात्री गावाजवळ यावीत, तसे या कलिकाळात तपस्वीही वन सोडून गावाच्या आश्रयास येऊ लागले आहेत, असे ते कष्टाने म्हणतात. म्हणजे अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीही वनवास की ग्रामवास हा वाद होता. श्वेतांबर परंपरेतही चैत्यवासी आणि वनवासी यांचा संघर्ष दीर्घकाळ चालला. एकांत हा आपल्या धर्मात गृहीत धरलेला नव्हता. तो प्रत्येक पिढीला पुन्हा मिळवावा लागला.

बारा भावनांमध्ये 'एकत्व भावना' आहे. जीव एकटा येतो, एकटा जातो, आपल्या कर्माचे फळ एकटाच भोगतो, हे तिचे सार. उत्तराध्ययन सूत्राचे नववे अध्ययन नमिराजर्षींच्या प्रव्रज्येचे आहे. त्यांची कथा टीकाकारांनी मोठी सुंदर सांगितली आहे. दाहज्वराने पीडित राजासाठी राण्या चंदन उगाळीत होत्या. त्यांच्या कंकणांचा आवाज राजाला सहन होईना. राण्यांनी हातात एकेकच कंकण ठेवले, बाकीची उतरविली, आवाज थांबला. चंदन मात्र उगाळले जातच होते. दोन असतील तेथे नाद, एक असेल तेथे शांती, या विचाराने नमी जागे झाले. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूतही कुमारिकेच्या कंकणांपासून हाच बोध घेतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केलेल्या 'एकनाथी भागवता'ने तो मराठी घराघरांत पोहोचविला. सत्य एकच असले की ते निरनिराळ्या अंगणांत उगवते.

मग प्रश्न असा की, शांतीचा शोध घेणाऱ्यांनी संगीताचा नाद का जवळ केला? सतराव्या शतकातील अध्यात्मयोगी आनंदघनजी गच्छाच्या बंधनांपासून दूर राहिले, असे परंपरा सांगते. परंतु त्यांची पदे मात्र रागदारीत गायली गेली. त्यांतील एक पद महात्मा गांधींच्या आश्रमभजनावलीत आले. एकट्याने अनुभवलेले सर्वांच्या कंठी गेले.

आपल्या जिल्ह्यात याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला. बालवयातच ते घर सोडून रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूर तालुक्यातील गोंदेडा येथील अरण्यांत राहिले. गोंदेड्याची गुंफा आजही तपोभूमी म्हणून पूजनीय आहे. परंतु ते गुंफेत थांबले नाहीत. हाती खंजिरी घेऊन ते गावोगावी गेले. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटून उठले, त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती. त्याच महिन्यात त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि पुढे नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. १९५५ मध्ये त्यांची ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. वनात एकट्याने तप केलेल्या या पुरुषाने जगाला दिली ती सामुदायिक प्रार्थना, ही गोष्ट मननीय आहे.

एकांत हा पलायनाचा मार्ग नव्हे, तो परत येण्याची तयारी आहे. पार्श्वप्रभूंनाही केवलज्ञानानंतर समवसरणात सर्व जीवांसमोर देशना द्यावयाची होती. वनातून जो करुणा घेऊन परततो तो पार्श्वांचा अनुयायी. जो केवळ अहंकार घेऊन परततो तो कमठाचा.

आज आपण तीर्थांवर मोटारींनी जातो, ध्वनिवर्धकावर स्तवने लावतो, आणि तासाभरात परततो. गर्दी वाढली याचा आनंदच आहे. परंतु चंदन उगाळणाऱ्या हातात कंकणे किती असावीत, याचाही विचार व्हावा. पन्नास वर्षांत समाजाने धर्मशाळा, पाठशाळा उभारल्या. पुढील काळात प्रत्येक धर्मस्थानात एक लहानशी खोली अशी असावी, जेथे ध्वनिवर्धक नाही, भ्रमणध्वनी नाही, नामफलकही नाही. तेथे सामायिकाच्या ४८ मिनिटांपुरते कोणीही एकटे बसावे आणि मग उठून बाहेर सेवेला लागावे. आपल्याभोवतीच्या अरण्याने हजारो वर्षे हेच दान दिले. ते जपणे, ही या सुवर्णमहोत्सवाची खरी अनुमोदना ठरेल.

जय जिनेंद्र!