पिकअप गाडीतील वीज आणि कप्पे

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा इंजिनावर, वेगावर आणि कारखानदारांच्या वैभवावर खिळलेली असते. चालकाच्या हाताशी असणाऱ्या बारीकसारीक सोयींची दखल सहसा कोणी घेत नाही. तथापि, ज्याचा दिवस गाडीत उगवतो आणि गाडीतच मावळतो, अशा सुताराला, शेतकऱ्याला किंवा तारा ओढणाऱ्या कामगाराला विचारावे. कागद कोठे ठेवावे, हत्यारे कोठे लपवावी आणि दिवा कशावर लावावा, हेच प्रश्न त्याला अश्वशक्तीहून अधिक महत्त्वाचे वाटतात. अमेरिकेतील पिकअप गाडीने या प्रश्नांची उत्तरे कशी शोधली, हा इतिहास शंभर वर्षांचा आहे. त्यात कारखानदारांची बुद्धी जितकी दिसते, तितकीच गाडी वापरणाऱ्यांची गरजही दिसते. किंबहुना गरज पुष्कळदा पुढे धावलेली आहे.

फोर्ड कंपनीने १९२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीला मागे पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. कारखान्यातूनच तयार होऊन आलेली फोर्डची ही पहिली पिकअप होय. त्यापूर्वी शेतकरी स्वतःच गाडीचा मागचा भाग कापून तेथे लाकडी खोका ठोकत असत. म्हणजे ग्राहकांनी करवत चालवून जे आधीच करून दाखवले होते, त्यावर कंपनीने शिक्कामोर्तब केले इतकेच. वीस अश्वशक्तीच्या त्या गाडीत चालकासाठी विजेची सोय अशी नव्हतीच. १९१५ पासून तिला विजेचे पुढचे दिवे मिळाले होते. पण त्यांना वीज पुरवणारा मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरे, त्यामुळे गाडी मंदावली की दिवेही मंदावत. बॅटरी आणि विजेने इंजिन सुरू करणारे यंत्र तिला १९१९ पासून मिळू लागले, तेही सर्व गाड्यांना सरसकट नव्हे. चार्ल्स केटरिंग याने हे यंत्र १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आणून हँडल मारण्याच्या कष्टातून आणि त्यात मोडणाऱ्या मनगटांतून चालकांची सुटका केली, त्याला तेव्हा काही वर्षे लोटली होती. केटरिंगच्या यंत्राचा आणखी एक परिणाम मात्र त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा. यंत्र आले म्हणून बॅटरी आली, बॅटरी आली म्हणून ती भरणारा डायनामो आला, आणि गाडीत कायमचा विजेचा साठा निर्माण झाला. पुढील सारा इतिहास त्या साठ्याचा आहे.

गाडीतून वीज नव्हे तरी शक्ती काढून घेण्याची हिकमत शेतकऱ्यांनी त्याही आधी साधली होती. मॉडेल टीचे मागचे एक चाक जॅकवर उचलून, त्यावर पट्टा चढवून, ते लाकूड कापण्याची करवत फिरवीत, पाणी उपसत, गुरांसाठी धान्य भरडत. अमेरिकेसारख्या संपन्न देशात हे का करावे लागे, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्याचे उत्तर असे की, १९३० ते १९४० या दशकाच्या मध्यापर्यंत त्या देशातील दहांपैकी सुमारे नऊ शेतघरांत वीज पोहोचलीच नव्हती. शहरे झगमगत होती आणि खेडी रॉकेलच्या दिव्यावर होती. वीज कंपन्यांना दूरदूरच्या एकेकट्या घरासाठी तारा ओढणे परवडत नव्हते. अध्यक्ष रुझवेल्ट यांनी १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते स्थापन केले आणि १९३६ मध्ये त्यासाठी कायदा झाला, तेव्हा कोठे हे चित्र पालटू लागले. तोपर्यंत अनेक शेतघरांतील रेडिओ बॅटरीवरच बोलत असे. दारातील गाडी ही अशा घराजवळची विजेची एकमेव हालती चालती पेढी होती.

आता चालकाच्या समोरील त्या वाटोळ्या भोकाकडे वळू. सिगार किंवा सिगारेट पेटवण्यासाठी डॅशबोर्डमध्ये बसवलेली विजेची पेटवणी १९२० नंतरच्या दशकात अमेरिकन गाड्यांत रूढ झाली. चालत्या गाडीत, वाऱ्यात, एका हाताने काडी ओढणे हे धोक्याचेच काम होते. पेटवणीची रचना साधी आहे. सुमारे २१ मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या नळीत एक खुंटी दाबावयाची. तिच्या टोकाची तारेची गुंडाळी तापून लाल होते. नळीच्या तळाशी असलेल्या दोन धातूंच्या जोडपट्ट्या उष्णतेने फाकतात आणि खुंटी टक्‌ आवाज करून बाहेर येते. या सोयीतून धूम्रपानाला उत्तेजन मिळाले ते मिळालेच, त्याची स्तुती करण्याचे कारण नाही. परंतु अजाणता एक गोष्ट घडली. ज्या नळीत खुंटी बसते, त्याच नळीत दुसरी एखादी पिनही बसू शकते, हे लोकांनी ओळखले. हातदिवा लावण्यासाठी गाडीचे आवरण उघडून बॅटरीला चिमटे लावण्याची गरज उरली नाही.

अर्थात्, मुळात एका कामासाठी केलेली वस्तू दुसऱ्या कामाला जुंपली की तिचे दोषही बरोबर येतात. क्षणभर तापणाऱ्या खुंटीसाठी केलेली ही नळी तासन्‌तास पिन धरून ठेवण्यासाठी बनलेलीच नव्हती. खड्ड्यांतून गाडी हादरली की पिन सैल होते, तळाचा स्पर्श सुटतो, कधी ती गरमही होते. असे असूनही या भोकाचे माप अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने प्रमाण म्हणून नोंदवले आणि जगभर तेच चालू राहिले. वाईट रचना एकदा सर्वत्र पसरली की चांगल्या रचनेलाही तिला हुसकावता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

प्रारंभी बहुतेक अमेरिकन गाड्यांची वीज ६ व्होल्टची होती. १९५० नंतर इंजिने मोठी झाली, त्यांतील दाब वाढला आणि थंडीच्या सकाळी ६ व्होल्टची बॅटरी त्यांना फिरवताना धापा टाकू लागली. १९५५-५६ च्या सुमारास शेव्हरोले आणि फोर्ड यांच्या मालवाहू गाड्या १२ व्होल्टवर आल्या. यातील गणित शाळेतील मुलालाही समजेल. १२० वॅटचे एखादे उपकरण ६ व्होल्टवर चालवावयाचे तर २० अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर केवळ १०. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते. त्यामुळे तारा बारीक करता आल्या आणि भोकातून उपयोगी वीज अधिक मिळू लागली. त्यापाठोपाठ १९६० मध्ये क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला. गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू असताना डायनामो जवळजवळ निरुपयोगी असे. अल्टरनेटर तेव्हाही बॅटरी भरतो. कामाच्या जागी तासभर उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या दृष्टीने हा फरक मोठाच होता.

या भोकाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालण्याचा कायदा झाला. त्यामुळे चिडलेल्या ट्रकचालकांनी आपसांत बोलण्यासाठी नागरिकांचा लहान पल्ल्याचा रेडिओ हाती घेतला. पेट्रोल कोठे मिळेल, पोलीस कोठे उभे आहेत, अपघात कोठे झाला आहे, हे एकमेकांस कळवण्याचे ते साधन होते. मग ट्रकचालकांचे पाहून पिकअपवाल्यांनी आणि घरगुती मोटारवाल्यांनीही ते यंत्र घेतले. गर्दी इतकी झाली की, १ जानेवारी १९७७ पासून सरकारला २३ वाहिन्यांच्या ४० कराव्या लागल्या. या यंत्राची तार पुष्कळदा सिगारेटच्या भोकातच खोचलेली असे. पुढे भ्रमणध्वनी आले, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांच्या गाडीतही ते भोक अपरिहार्य ठरले. शेवटी १९९० नंतरच्या दशकात कारखानदारांनी खुंटी काढून टाकली, भोकावर टोपण बसवले आणि त्याला ‘वीजजोडणी’ असे सरळ नाव दिले. पेटवणी ज्यास हवी त्याने वेगळी मागावी!

विजेची कथा येथवर आली. कप्प्यांची कथा मात्र तिच्याही मागे सुरू होते. उघड्या मोटारींच्या काळात हातमोजे ही चैन नसून गरज होती. इंग्रज मोटारचालक डोरोथी लेव्हिट हिने १९०९ मध्ये स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आसनाखालील छोट्या खणात हातमोजे ठेवण्याचा सल्ला दिला आहे. त्याच पुस्तकात मागचे दिसावे म्हणून हातआरसा जवळ बाळगण्यासही ती सांगते. खण पुढे डॅशबोर्डमध्ये गेला, हातमोजे नाहीसे झाले, आणि इंग्रजीत त्यांचे नाव तेवढे त्या कप्प्याला चिकटून राहिले.

पिकअपच्या केबिनमध्ये त्या एका कप्प्यापलीकडे फारशी जागा नव्हती. एक सलग आसन, त्यावर तिघे माणसे, आणि आसनामागे काय, तर पेट्रोलची टाकी! अमेरिकेतील अनेक पिकअप गाड्यांत १९७२ पर्यंत टाकी केबिनच्या आतच असे. चालकाच्या पाठीशी सत्तर-ऐंशी लिटर पेट्रोल डुचमळत असताना तो निवांतपणे गाडी हाकी, हे आज ऐकूनच अंगावर काटा येतो. १९७३ च्या नमुन्यात फोर्डने टाकी केबिनबाहेर खाली नेली आणि रिकाम्या झालेल्या जागेत, आसनामागे, सामान ठेवण्याची सोय देऊ केली. त्याच वर्षी जनरल मोटर्सनेही टाकी बाहेर काढली. पण तिने ती गाडीच्या मुख्य चौकटीच्या बाहेरील अंगास टांगली. बाजूने धडक बसल्यास त्या टाक्या फुटून आग लागते, असा आरोप झाला, खटले झाले, सरकारी चौकशी झाली. १९९४ च्या डिसेंबरात कंपनीने सुरक्षिततेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केल्यावर ती चौकशी मिटवण्यात आली. गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत. आसनामागील हातभर जागेच्या मागे एवढे मोठे प्रकरण आहे. कोणतीही सोय देताना तिची किंमत कोठे तरी भरावी लागते, आणि ती कोणी भरावी हा प्रश्न सोयीइतकाच महत्त्वाचा असतो.

केबिन लांबवण्याची धडपडही याच काळातील. डॉजने १९७३ मध्ये आणि फोर्डने १९७४ मध्ये आसनामागे आणखी थोडी जागा असलेल्या पिकअप विकावयास काढल्या. पावसात भिजू नये अशी हत्यारे आता हौद्यातून आत आली. पुढे १९९४ च्या डॉज रॅम गाडीत दोन आसनांमधील पाठ खाली पाडली की तिचा कप्पा होई आणि त्यात लॅपटॉप संगणक, कागदपत्रे व लेखणी ठेवता येई. पिकअप चालवणारा माणूस हिशेब लिहितो, मोजमापे काढतो, गिऱ्हाइकाला बिल देतो, म्हणजे केबिन हे त्याचे कार्यालय आहे, याची ही कारखानदाराने दिलेली कबुलीच होती. २०२१ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये तर गिअरचा दांडा आडवा होऊन लपतो आणि त्यावर सपाट मेज पसरता येते.

आपल्याकडे बेळगावची भाजी पहाटे गोव्याच्या बाजारात पोहोचवणाऱ्या पिकअपवाल्याला असे मेज मिळालेले नाही. त्याचे कप्पे म्हणजे डॅशबोर्डवरील पावत्यांचा चिमटा आणि आसनाखालचा जॅक. तथापि भ्रमणध्वनी भरण्याची पिन त्याच जुन्या भोकात खोचलेली त्याच्या गाडीतही दिसते.

बारा व्होल्टच्या या भोकाची मर्यादा मात्र ओळखून असावे. त्यातून साधारण शंभर ते दीडशे वॅट मिळतात. त्यापुढे फ्यूज जळतो. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीत हिशेबाने ७२० वॅट-तास असतात. पण इंजिन बंद ठेवून त्यावर १२० वॅटचे उपकरण चालवले, तर सहा तासांच्या पुष्कळ आधीच बॅटरी इतकी उतरते की सेल मारूनही गाडी हूं की चूं करत नाही. करवत, छिद्रयंत्र यांसारख्या उपकरणांना घरगुती दाबाचीच वीज लागते, अमेरिकेत १२० व्होल्टची आणि भारतात २३० व्होल्टची. ती गाडीत निर्माण करण्याचा एक धाडसी प्रयत्न २००४ च्या सुमारास शेव्हरोले सिल्व्हराडोच्या संकरित नमुन्यात झाला. तिच्यात १२० व्होल्टच्या चार जोडण्या होत्या, दोन मागच्या आसनाखाली आणि दोन हौद्यात. चारही मिळून २,४०० वॅट देत. गाडी फारशी खपली नाही, पण कल्पना टिकली. २०२१ च्या एफ-१५० च्या संकरित नमुन्यात हेच सामर्थ्य मूळ गाडीबरोबर मिळू लागले, आणि अधिक पैसे मोजल्यास ७,२०० वॅट.

ती गाडी बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यावर हिमवादळ कोसळले. वीजकेंद्रे आणि त्यांना इंधन पुरवणाऱ्या वायुवाहिन्या गोठल्या, ४० लाखांहून अधिक घरांची व दुकानांची वीज गेली. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. त्यांतील बरीचशी थंडीनेच. त्या दिवसांत काही घरांतील शेगडी, शीतकपाट आणि दिवे दारात उभ्या असलेल्या पिकअपमधून तार आणून चालवण्यात आले. फोर्डने टेक्सासमधील आपल्या विक्रेत्यांना, दुकानात असलेल्या अशा गाड्या गरजूंना वापरावयास द्याव्यात, अशी विनंती केली. नव्वद वर्षांपूर्वी चाकावर पट्टा चढवून करवत फिरवणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटले नसते.

याच वादळात कित्येकांनी ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडने काहींचा बळी घेतला. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. म्हणून गाडीतून घराला वीज घ्यावयाची असेल तेव्हा गाडी उघड्यावर, दारेखिडक्यांपासून दूर उभी करावी आणि तार तेवढी आत न्यावी.