जॅकी कूगन : एका बालनटाची मिळकत

चार्ली चॅप्लिन यांचा ‘द किड’ हा मूकपट १९२१ साली प्रदर्शित झाला आणि त्यातील मोठ्या टोपीच्या, ढगळ विजारीच्या पोराने अल्पावधीत जगभरच्या प्रेक्षकांस वेड लावले. त्या पोराचे नाव जॅकी कूगन. त्याच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याहून थोडा निराळा, आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी विचारात घ्यावा असा आहे. ह्या बालकाने जे द्रव्य मिळविले, ते कोणाचे?

जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील रंगभूमीवर नाचगाण्याचे व विनोदी खेळ करीत. आईही त्याच व्यवसायातली. वडिलांच्या खेळात हा चिमुकला मध्येच येऊन नाचून जाई. १९१९ साली चॅप्लिन यांनी त्यास तेथेच पाहिले. चॅप्लिन यांचे स्वतःचे पहिले अपत्य त्याच वर्षी जन्मानंतर तीनच दिवसांत निवर्तले होते. त्या दुःखाचा आणि ‘द किड’च्या कथेचा संबंध अनेकांनी जोडला आहे, व तो अगदीच निराधार म्हणवत नाही.

चित्रपटात अनाथालयाचे अधिकारी मुलास ओढून नेतात, असा एक प्रसंग आहे. तो पाहताना आजही डोळे ओलावतात. परंतु चित्रीकरणाच्या वेळी पोर मोठ्या आनंदात होते. त्यास काही केल्या रडू येईना. तेव्हा वडिलांनी, न रडल्यास तुला खरोखरच अनाथालयात धाडू, असा धाक घातला आणि मग जॅकी ओक्साबोक्शी रडला, असे चॅप्लिन यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांनी मुलास उचलून समजाविले, तेव्हा तो हळूच म्हणाला की वडील थट्टा करीत होते हे मला ठाऊक होते. वडिलांवर त्याचा असा पूर्ण विश्वास होता.

पुढील चार-पाच वर्षे कीर्तीची आणि लक्ष्मीची होती. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१९२२) हा त्यांतील विशेष गाजलेला चित्रपट. १९२३ साली मेट्रो कंपनीने त्यास आपल्याकडे घेताना नुसत्या बक्षिसीदाखल पाच लक्ष डॉलर दिले. जॅकीच्या नावाच्या बाहुल्या, शिट्ट्या, वह्या बाजारात आल्या. १९२४ साली आर्मेनिया व ग्रीस येथील अनाथ बालकांच्या साहाय्यार्थ त्याने अमेरिकेत व युरोपात दौरा केला, दहा लक्ष डॉलरहून अधिक किमतीची मदत गोळा करून दिली, आणि रोम येथे पोपमहाराजांनी त्यास भेट दिली. ह्या सर्व काळात त्याच्या हाती खर्चास मिळत ते आठवड्यास सहा-सव्वासहा डॉलर. बाकीचा हिशेब वडील पाहत. वडील दक्ष होते, आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला की त्याचे त्यास मिळेल, अशी घरातली समजूत होती. समजूतच, कागद नव्हता.

वय वाढले तशी मागणी घटली. ‘टॉम सॉयर’ (१९३०) व ‘हकलबेरी फिन’ (१९३१) हे बोलपट झाले, पण पहिला बहर ओसरला होता. मे १९३५ मध्ये शिकारीहून परतताना मोटार दरीत कोसळली. त्या अपघातात वडील गेले, सहनट व मित्र ज्युनिअर डर्किन गेला, आणखी दोघे गेले. एकटा जॅकी वाचला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो सज्ञान झाला. पुढे आईने घराण्याचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टीन यांच्याशी विवाह केला. जॅकीने आपल्या मिळकतीची विचारणा केली, तेव्हा त्यास देण्याजोगे काहीही नाही असे उत्तर मिळाले.

१९३८ साली त्याने आईवर व सावत्र वडिलांवर दावा लावला. त्याची एकंदर कमाई तीस ते चाळीस लक्ष डॉलरांच्या घरात होती, असे मानले जाते. आईचा बचाव असा की, मुलास काही द्यावयाचे वचन कोणीच दिले नव्हते. आणि कायद्याने अज्ञान मुलाची कमाई आईबापांचीच. हा बचाव वाचकांस निष्ठुर वाटेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो पोकळ नव्हता. कॅलिफोर्नियात तेव्हा तोच कायदा होता. मुलाचे पोषण करणे हे पित्याचे कर्तव्य, म्हणून मुलाच्या श्रमाचे फळही पित्याचे, हे जुन्या इंग्रजी विधीतले तत्त्व त्यामागे होते. शेतावर राबणाऱ्या पोराच्या चार पैशांसाठी केलेला नियम लक्षावधी डॉलरांस लागू झाला, एवढेच.

आपल्या ज्ञातिबांधवांनी ह्यास परदेशची गोष्ट म्हणून हसू नये. ‘द किड’ प्रदर्शित झाला त्याच १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने एका हिंदू सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणी निर्णय दिला होता की, एकत्र कुटुंबाच्या पैशावर त्याचे विशेष शिक्षण झाले असल्यामुळे त्याची कमाई कुटुंबाची होय. ही स्थिती पालटण्यासाठी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. विद्येच्या बळावर मिळविलेले धन मिळविणाऱ्याचे स्वतःचे, हे त्याने ठरविले. त्या वेळी आपल्याकडील अनेक वडीलधाऱ्यांस तो कुटुंबद्रोहच वाटला असेल. ‘आम्ही वाढविले, आम्ही शिकविले’ हा युक्तिवाद सागराच्या दोन्ही तीरांवर सारखाच, आणि तो सर्वस्वी खोटा नसतो, हीच त्यातली अडचण.

असो. दाव्याचा शेवट १९३९ साली तडजोडीत झाला. तोवर शिल्लक उरली होती सुमारे अडीच लक्ष डॉलर. तिचा निम्मा वाटा, म्हणजे सुमारे एक लक्ष सव्वीस हजार, जॅकीस मिळाला. मधल्या ओढगस्तीच्या दिवसांत तो चॅप्लिन यांच्याकडे गेला असता त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता एक हजार डॉलर हातावर ठेवले. अभिनेत्री बेटी ग्रेबल हिच्याशी १९३७ साली झालेला त्याचा विवाहही ह्याच वर्षी मोडला.

लोकक्षोभ मात्र वाया गेला नाही. १९३९ सालीच कॅलिफोर्नियाने बालनटांविषयी कायदा केला. तो ‘कूगन कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. न्यायालयाने मान्य केलेल्या करारातील कमाईचा निम्म्यापर्यंतचा भाग विश्वस्तनिधीत ठेवण्याचा आदेश न्यायाधीशास देता येऊ लागला. परंतु येथेच छिद्र होते. करार न्यायालयापुढे नेलाच नाही, तर निधी ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. निर्माते दीर्घ मुदतीचे करार तेवढे मान्य करून घेत, कारण मग अज्ञानपणाच्या सबबीवर मुलास करार मोडता येत नसे. अर्थात बालकाच्या नावाने झालेल्या कायद्याचा लाभ बराचसा निर्मात्याच्या पदरी पडला.

स्वतः कूगन ह्या कटुतेत कुजत बसले नाहीत. १९४१ च्या मार्चमध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या आधीच, ते सैन्यात दाखल झाले आणि पुढे ग्लायडर ह्या इंजिनविरहित विमानाचे चालक झाले. ह्याच कामगिरीवर त्यांचे पाय आपल्या देशास लागले. मार्च १९४४ मध्ये आसामातील कछार जिल्ह्यातील लालाघाटच्या धावपट्टीवरून निघालेल्या ग्लायडरांनी विंगेटच्या चिंडिट सैनिकांस रात्रीच्या अंधारात ब्रह्मदेशात, जपानी फळीच्या सुमारे दीडशे मैल मागे, उतरविले. बरीच ग्लायडरे वाटेत वा उतरताना मोडली, माणसे दगावली. त्या वैमानिकांत एकेकाळचा ‘किड’ होता.

युद्धानंतर लहानसहान भूमिका चालू होत्या. १९६४ ते १९६६ ह्या काळात ‘द ॲडम्स फॅमिली’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेत डोक्याचे केस पार उतरवून त्यांनी केलेला फेस्टरकाका नव्या पिढीस इतका भावला की, हाच तो चॅप्लिनचा पोरगा, हे अनेकांस सांगावे लागे. १ मार्च १९८४ रोजी ते सांता मोनिका येथे कालवश झाले.

कायद्यातील ते छिद्र बुजण्यास त्यापुढेही पंधरा वर्षे गेली. पॉल पीटरसन ह्या आणखी एका माजी बालनटाने चळवळ चालविली. १९९९ साली दुरुस्ती होऊन १ जानेवारी २००० पासून कॅलिफोर्नियात बालकलाकाराची कमाई ही त्याचीच मालमत्ता ठरली, आणि तिच्यातील किमान पंधरा टक्के रक्कम विश्वस्तखात्यात ठेवणे बंधनकारक झाले.

आपल्याकडे २०१६ साली बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या उत्पन्नापैकी किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, असे ठरविले. दिवसास पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून तीन तासांहून अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून चित्रीकरण नाही, हीही बंधने त्यांत आहेत. ज्या घरांतील मुले मालिकांत वा जाहिरातींत झळकतात, त्यांनी ती ठेवपावती मुलास वेळोवेळी दाखवावी, असे आम्हांस वाटते. उरलेल्या ऐंशी टक्क्यांचा हिशेब मागण्याचे काम मात्र नियमांनी कोणावर सोपविलेले नाही. तो अजूनही घरातल्या समजुतीवरच आहे.