पानिपत : कागदावरचे आणि मनातले

वाचकहो, एखाद्याचा पुरता बोजवारा उडाला की आपण सहज म्हणून जातो, ‘त्याचे पानिपत झाले.’ १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने आपल्या भाषेत असे कायमचे घर केले आहे. ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, हे वाक्यही आपण लहानपणापासून ऐकत आलो.

आता गंमत पाहा. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. यात काही वाद नाही. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती! इंग्रजी पंचांगात संक्रांत सुमारे सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंद संक्रांतीच्या दिवशी जन्मले, ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेलात तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे रणाच्या दिवशी तिळगूळ वाटून तीन-चार दिवस लोटले होते. अर्थात छावणीत वाटायला तीळ आणि गूळ उरला असेल तर!

मग हे कुणी मुद्दाम खोटे रचले का? मुळीच नाही. आपल्या काळातली संक्रांत आपण नकळत दोनशे-अडीचशे वर्षे मागे नेऊन ठेवली. कथा, नाटक, चित्रपट इतिहासाचे जे करतात ते थोडक्यात हेच. आजच्या मनातली वस्तू ते कालच्या घरात नेऊन ठेवतात, आणि ती तिथे इतकी शोभते की ती पूर्वीपासून तिथेच होती असे वाटू लागते.

पानिपतासंबंधी अस्सल कागद आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात त्या काळची पत्रे आहेत. पत्रांत पराक्रमाच्या गोष्टींपेक्षा पैसा, धान्य, रसद यांचीच काळजी अधिक. ते साहजिकच आहे. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. बखरकाराला ते ठाऊक असते! म्हणून बखरीत शेवट आधीपासूनच दिसू लागतो. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी सांगितलेला शहाणपणाचा सल्ला भाऊसाहेबांनी झुगारला, आणि तिथेच सारे बिघडले, अशी कथा बांधली जाते. एवढा मोठा घाव बसला की मनाला कुणीतरी दोषी लागतो. उपासमार, थंडी, तुटलेली रसद ही कारणे खरी असली तरी त्यांच्यावर रागावता येत नाही.

राग जसा माणूस शोधतो, तशी आशाही शोधते. भाऊसाहेब पडले हे पुष्कळांना पटेना. पुढे एक तोतया उभा राहिला; त्याला मानणारे लोक निघाले, त्याच्या मागे फौज जमली, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. पण खरे नाटक त्याआधीच राज्यात होऊन गेले होते! लोकांना हवा होता तो शेवट त्यांनी एका जिवंत माणसावर चढवून पाहिला.

कालांतराने दोषी ठरलेल्या भाऊंची बाजूही पुढे आली. रणाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९६१ साली, त्र्यं. शं. शेजवलकरांनी मराठीतून पानिपताची मीमांसा केली. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ कादंबरीने तर उपाशी फौजेसह तो भाऊ घरोघरी पोचवला. पत्र सांगते की धान्य नाही. भूक कशी असते हे सांगायला कादंबरीच लागते. हे तिचे मोठेपण आपण मान्य केलेच पाहिजे.

इथवर सारे आपल्या घरचे झाले. पण रणाला दुसरी बाजू असतेच.

आपल्या कथांतला ‘अब्दाली’ कंदाहारात गेला की ‘अहमदशाह बाबा’ होतो. १७४७ साली अफगाण टोळ्यांनी त्याला आपला प्रमुख निवडले. आजचा अफगाणिस्तान त्याला राष्ट्राचा जनक मानतो. तो पुश्तू भाषेत कविता करी. कंदाहारातल्या त्याच्या कबरीवर लोक आदराने जातात. आता भरतपूरला चला. तिथे सूरजमल म्हणजे केवळ ‘आधी निघून गेलेला दोस्त’ नव्हे. पराभवानंतर थंडीत कुडकुडत, जखमा घेऊन पळत आलेल्या मराठ्यांना त्यानेच अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. बाजीरावांचा जखमी मुलगा समशेरबहाद्दर याने त्याच मुलखात प्राण सोडला.

म्हणून काय झाले पाहा. २०१९ च्या डिसेंबरात आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट आला. तो महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणील असाच बेतलेला होता. पण तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, अहमदशाहाला कसे रंगवले असेल याची चिंता अफगाण वकिलातीने व्यक्त केली. प्रदर्शित झाल्यावर राजस्थानात निदर्शने झाली. मदतीच्या बदल्यात किल्ला मागणारा सूरजमल तिथल्या लोकांना सोसवेना, आणि निर्मात्यांना चित्रपटाचा काही भाग गाळावा लागला. पडदा एकच, पण त्यावर एकाला आपली जखम दिसली, दुसऱ्याला आपल्या बाबांची विटंबना, तर तिसऱ्याला आपल्या उपकाराची परतफेड अपमानाने झालेली दिसली.

मग कलावंतांनी इतिहासाला हातच लावू नये काय? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. तसे झाले असते तर आज पानिपत पंडितांच्या कपाटातच राहिले असते. चूक कल्पना करण्यात नाही. आपली कल्पना तेवढी आठवण आणि दुसऱ्याची ती थाप, असे मानू लागलो की चूक होते. कारण मग दोनशे साठ वर्षांपूर्वीचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडून वसूल करावासा वाटतो.

या बाबतीत एक माणूस ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी शुजाउद्दौल्याची. म्हणजे रणाच्या दिवशी तो अब्दालीच्या गोटात होता. लढाईनंतर भाऊसाहेबांचा देह शोधून ओळखण्याच्या कामी तो होता. पुढे १७८० साली त्याने फारसीत ही हकीकत लिहिली. त्याचे अन्न एका बाजूचे आणि रक्त दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडचे माणूसपण त्याला दिसले, ते कदाचित याचमुळे.

तेव्हा पुढच्या वेळी ऐतिहासिक कादंबरी हाती घ्याल किंवा चित्रपटाला जाल, तेव्हा मनसोक्त रमा. डोळे भरून आले तर पुसूही नका. पण घरी आल्यावर स्वतःला दोन प्रश्न अवश्य विचारा. यातली संक्रांत कुणी आणून ठेवली? आणि हीच गोष्ट कंदाहारात किंवा भरतपुरात कशी सांगत असतील? एवढे केलेत तरी इतिहासावरही अन्याय होणार नाही आणि शेजाऱ्यावरही.