न्याहारीच्या पेल्याचा इतिहास

१७९७ साली लंडनमध्ये मधुमेहावरचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक जॉन रोलो हे ब्रिटिश तोफखान्याचे सर्जन-जनरल. कॅप्टन मेरेडिथ हा त्यांचा रुग्णही त्याच तोफखान्यातला. रोलोंनी त्याला ठरवून दिलेली न्याहारी अशी : सुमारे पाऊण लिटर दूध, त्यात पाव लिटर चुन्याची निवळी, आणि सोबत पाव-लोणी. दुपारी रक्त आणि चरबी यांचे पुडिंग, नंतर जुने, चरबीयुक्त मांस. वाचूनच तोंड वाकडे होते. पण त्या दुधाकडे जरा लक्ष द्या. पाऊण लिटर दुधात सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. आज मधुमेहींची ‘झटपट न्याहारी’ म्हणून जे प्रोटीन शेक विकले जातात, त्यांच्या एका पेल्यातही साधारण तेवढीच असतात.

रोलोंचा तर्क सरळ होता. साखर तयार होते ती वनस्पतिजन्य अन्नापासून. तेव्हा रुग्णाला प्राणिज अन्न द्यावे. (पाव मात्र ताटात राहिलाच, आणि त्या दुधातही सुमारे ३४ ग्रॅम दुग्धशर्करा होती.) म्हणजे प्रथिने औषध म्हणून आली नव्हती, कर्बोदके काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागी ती आली होती. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे मधुमेहाचा आहारविचार या ‘काढून टाकण्या’भोवतीच फिरत राहिला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, आणि आपल्या रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचे आपोलिनेर बुशार्दा यांच्या ध्यानात आले. १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी हाच विचार टोकाला नेला. त्यांचे रुग्ण साखरेने मरत नसत, पण उपासमारीने हाडांचे सापळे होत. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्पसनला इन्सुलिन मिळाले आणि हे पर्व संपले.

पण आपल्या पेल्याचा खरा धागा दुसरीकडेच आहे, आतड्यात. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले, की लहान आतडे रक्तात एक रसायन सोडते आणि त्या निरोपावर स्वादुपिंड पाचकरस स्रवते. मग इन्सुलिनसाठीही आतडे असाच निरोप पाठवत असेल का? बेल्जियमच्या ला बार यांनी १९३२ च्या सुमारास अशा कल्पित संप्रेरकाला ‘इन्क्रेटिन’ असे नावही देऊन टाकले. नाव होते, वस्तू हाती नव्हती. रक्तातले इन्सुलिन नेमके मोजण्याचे तंत्र यॅलो आणि बर्सन यांनी १९६० च्या सुमारास दिले, तेव्हा कुठे हे कोडे हलले. १९६४ मध्ये मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोज एकदा शिरेतून आणि एकदा आतड्यात सोडले. आतड्यात सोडल्यावर इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवले. स्वादुपिंड नुसती रक्तातली साखर पाहून काम करत नव्हते. साखर कोणत्या वाटेने आली, हेही त्याला कळत होते.

दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेत मिशिगन येथे फ्लॉइड, फायन्स आणि कॉन यांनी अमिनो आम्लेही इन्सुलिनचा स्राव वाढवतात हे सिद्ध केले. इथे प्रथिनांची भूमिका बदलली. ती आता रिकाम्या जागी बसवलेली वस्तू राहिली नाहीत, तर स्वादुपिंडाला जागे करणारी ठरली. १९८७ मध्ये जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाचा इन्सुलिनवरचा परिणाम स्पष्ट झाला. मधुमेह आणि लठ्ठपणा यांवरच्या ज्या इंजेक्शनांचा आज बोलबाला आहे, ती याच संप्रेरकाच्या नकलेवर उभी आहेत. जेवणातली प्रथिनेही आतड्यातून जीएलपी-१ स्रवायला लावतात, शिवाय जठर सावकाश रिकामे होते.

आता पावडरीकडे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि उरलेली २० टक्के व्हे-प्रथिने. चीज करताना केसीनचा दही-गोळा बाजूला होतो आणि खाली पिवळसर-हिरवट पाणी उरते, तेच व्हे. एक किलो चीजमागे सुमारे नऊ लिटर. युरोप-अमेरिकेत ते डुकरांना पाजत, शेतात ओतत, नाहीतर नदीत सोडत, आणि नदीतला प्राणवायू त्यामुळे संपे. या पाण्यात प्रथिने शेकडा एकाहूनही कमी. १९७० च्या दशकात सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून गाळण्याचे तंत्र दुग्धव्यवसायात आले आणि टाकाऊ पाण्यातून प्रथिनांची भुकटी निघू लागली. प्रथम ती गेली व्यायामशाळेत. मधुमेहींपर्यंत पोहोचायला वेळ लागला.

मग श्रीखंडासाठी चक्का बांधल्यावर खाली जे पाणी गळते, तेही हेच ना? दिसायला तसेच, पण नाही. आपण दूध उकळून दही लावतो. उकळताना व्हे-प्रथिनांची घडी मोडते आणि ती केसीनला चिकटून बसतात, म्हणजे चक्क्यातच राहतात. चीजसाठीचे दूध इतके तापवत नाहीत, म्हणून तिथे ती पाण्यात उतरतात. वर्गात हे दाखवता येईल. पिशवीतले न उकळलेले दूध कोमट करून लिंबू पिळा, फाटलेले दूध गाळा आणि गाळलेले पाणी उकळा. पांढरे कण दिसू लागतील. तीच व्हे-प्रथिने. हाच प्रयोग आधी चांगल्या उकळलेल्या दुधावर करून दोन्ही पाण्यांची तुलना करावी.

१९९७ मध्ये फ्रान्समधील बुआरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की केसीन जठरात गोठते आणि सावकाश पचते, तर व्हेची अमिनो आम्ले रक्तात चटकन चढतात. ही चपळाई मधुमेहींच्या उपयोगी पडेल का? २००५ मध्ये स्वीडनमध्ये टाइप-२ मधुमेह असलेल्या १४ जणांच्या न्याहारीत आणि दुपारच्या जेवणात व्हे मिसळण्यात आले. इन्सुलिन दोन्ही वेळा वाढले, आणि जेवणानंतरची साखरेची चढ २१ टक्क्यांनी उतरली. न्याहारीनंतर मात्र तितका स्पष्ट फरक पडला नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हे जेवणाच्या अर्धा तास आधी देऊन पाहिले, तर जठर सावकाश रिकामे झाले. २०१४ मध्ये इस्राएलमध्ये १५ जणांना न्याहारीआधी पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम व्हे दिले. पुढच्या तीन तासांत साखरेची चढ २८ टक्क्यांनी कमी भरली. सकाळी शरीर इन्सुलिनला काहीसे दाद देत नाही, त्यामुळे न्याहारीनंतरची चढ अनेकांत दिवसातली सर्वांत मोठी असते. म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे मात्र १४ आणि १५ या आकड्यांकडे जरा सावधपणेच पाहतो. दुसरे असे, की या प्रयोगांत व्हे न्याहारीच्या आधी किंवा न्याहारीसोबत दिले होते. बाजारात शेक विकला जातो तो न्याहारीऐवजी. या दोन गोष्टी एक नव्हेत. पोह्यांऐवजी कर्बोदके नसलेला शेक घेतला तर साखर कमी चढणारच. दोन उकडलेली अंडी खाल्ली तरी फारशी चढणार नाही. त्यात व्हेची करामत थोडी आणि पोहे वगळण्याची जास्त, म्हणजे पुन्हा रोलोंचाच हिशेब. आणि ज्यांचे इन्सुलिनचे किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांचे प्रमाण रोजच्या न्याहारीवर बेतलेले असते, त्यांनी डॉक्टरांना न विचारता असा बदल केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. टाइप-१ मध्ये जागे करायला इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीच जवळजवळ उरलेल्या नसतात. तिथे जास्त प्रथिनांनी काही तासांनी साखर उलट वाढते. मूत्रपिंडे दुखावलेली असतील तर प्रथिने किती घ्यावीत, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

डबा विकत घेतलाच तर पुढच्या बाजूच्या ‘साखर नाही’ या अक्षरांपेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. अनेक भुकट्यांत माल्टोडेक्स्ट्रिन असते. ते पिष्टाचे लहान तुकडे होत. लेबलावरच्या साखरेच्या रकान्यात ते बहुधा धरले जात नाही, पण रक्तात ते जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने पोहोचते. म्हणून ‘एकूण कर्बोदके’ हा रकाना आधी पाहावा.