संथ पाण्याची वाट

कृष्णा म्हटले की आपल्याला वाईचे, माहुलीचे, कऱ्हाडचे घाट आठवतात. या घाटांच्या पायऱ्या स्नानसंध्येसाठी होत्या, तशाच नावेत चढण्या-उतरण्यासाठीही होत्या, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

महाबळेश्वरच्या डोंगरातून वेगाने उतरणारी कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि तिचा स्वभाव पालटतो. तिथून सांगलीपर्यंत उतार अगदी थोडा. बहे, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ अशी वळणे घेत ती सावकाश चालते. वल्हे मारायला याहून सोयीचे पाणी कुठले? औदुंबरला दत्तदर्शन घेऊन भाविक नावेनेच पलीकडे भुवनेश्वरीला जात. पैलतीरावरचे शेत, बाजार, सोयरीक सारे नावेवर अवलंबून असे. नाव नसली तर गुळाची काहील पाण्यात लोटली जाई.

१९२९ साली सांगलीत आयर्विन पूल झाला. पुढे गावोगावी पूल आले आणि नावाड्याचे काम सरले. उरल्या त्या होड्यांच्या शर्यती. सांगली, सांगलीवाडी, कसबे डिग्रजच्या वल्हेकऱ्यांची चुरस पाहायला काठावर आजही गर्दी होते.

पण जो संथपणा नावाड्याला सुखाचा, तोच पावसाळ्यात घात करतो. हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम फुगल्या की उतार नसल्याने पाणी पुढे सरत नाही, मागे पसरते. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळच्या गावकऱ्यांना बाहेर काढणारी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

नावेत किती माणसे घ्यायची, भार कसा वाटायचा, कोणाला उभे राहू द्यायचे नाही, हे जुन्या नावाड्याला सांगावे लागत नसे. बोट विकत आणता येते, हे शहाणपण मात्र घडवावे लागते. हिवाळ्यातली कृष्णा त्यासाठी उत्तम शाळा आहे. एकट्याने वल्हवायची हलकी कयाक असो की शर्यतीची होडी, जाणत्या वल्हेकऱ्यांनी ती गावच्या तरुणांना शिकवावी. या पट्ट्यात मगरी आहेत, तेव्हा जागा पारखून, जाकीट घालूनच पाण्यात उतरावे. पूल पाण्याखाली जातील त्या दिवशी हेच हात गावाच्या उपयोगी पडतील.